उन्हाळ्याचा माणूस

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निनाचा फोन आला. तिनं सांगितलं की वेरा गेली. मी अप्पर हटच्या स्टेशनवर उभा होतो. गाडी आली, मी चढलो. वेलिंग्टनला उतरलो, ऑफिसात गेलो आणि दुपारपर्यंत सात पुस्तकांच्या नोंदी केल्या.

ते जानेवारीत. आता जुलै लागला आहे. सकाळी दार उघडलं की हिरवळीवर पांढरं दहिवर दिसतं. शेजारी पाण्याची झारी घेऊन गाडीची काच मोकळी करत असतो. नदीवरून उठलेलं धुकं स्टेशनापर्यंत येतं आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं कमरेपासून वरच तेवढी दिसतात. इतकी वर्षं मला हे धुकं अर्धवटच माहीत होतं. ते दाट व्हायला लागलं की मी माळ्यावरून बॅग काढायचो. बॅगेत मेतकूट, गूळ, दोन पुस्तकं आणि वेरासाठी लोकरीचे मोजे. मोजे कशाला, ती विचारायची, उन्हाळ्यात? हिवाळ्यात घाल, मी म्हणायचो. तिचा हिवाळा माझ्यासाठी तेवढाच होता, बॅगेतल्या मोज्यांच्या जोडीएवढा.

ती रशियात राहायची, व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्हल नावाच्या गावात. मी इथे, पृथ्वीच्या खालच्या टोकाला. माझा हिवाळा तो तिचा उन्हाळा, तिचा हिवाळा तो माझा. आमचं ठरलेलं होतं की जुलैत मी तिकडे जायचं आणि जानेवारीत तिनं इकडे यायचं, तीन-तीन आठवडे. म्हणजे आम्ही भेटायचो ते नेहमी उन्हाळ्यातच. यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही. उलट, जगात एवढी शहाणी सोय आणखी कुणी केली नसेल, असं मी मनाशी म्हणायचो. आमच्या फोटोंमध्ये सगळीकडे ऊन आहे. कुणी ते क्रमानं लावून पाहिले तर त्याला वाटेल, या दोघांच्या जगात कधी पानगळ झालीच नाही.

आठ जुलै आणि सात जानेवारी. सगळे दिवस एकापुढे एक ठेवले तरी वर्ष भरत नाही. अकरा वर्षांच्या सहवासाचं एक वर्षसुद्धा नाही, आणि त्या अपुऱ्या वर्षालाही एकच ऋतू.

ओळख झाली ती एका पुस्तकामुळे. मी ज्या ग्रंथालयात काम करतो तिथे कुणीतरी जुन्या पुस्तकांचं खोकं आणून दिलं होतं. त्यात शिवणकामावरचं एक मराठी पुस्तक निघालं. पहिली चार पानं नव्हती, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, साल नाही. आमच्या व्यवसायातली माणसं अडलं की एकमेकांना विचारतात. मी जगभरच्या कॅटलॉगवाल्यांच्या ईमेल-यादीवर वर्णन लिहून टाकलं: पोलक्याच्या बाहीची आकृती, तिच्याखाली छापलेली हातशिवणीचे सहा नियम. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते मराठीत. ‘श्रीयुत सुधीर यांस सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या पुस्तकाचे नाव माझ्याकडे आहे.’

मी ऑफिसात एकटाच हसलो. वि. वि. मी माझ्या आजोबांच्या पत्रांनंतर पाहिलं नव्हतं.

ती तरुणपणी लेनिनग्राडला मराठी शिकली होती. शिकवणाऱ्या बाई स्वतः कधी महाराष्ट्रात गेल्या नव्हत्या. पुढे ती गावच्या ग्रंथालयात लागली, तिथे मराठी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून पुस्तकांशीच बोलत राहिली. त्यामुळे तिच्या मराठीला रस्त्याची धूळ लागलेली नव्हती. ती ‘तथापि’ म्हणायची, ‘क्षणभर’ म्हणायची, पण ‘अय्या’ कुठे म्हणायचं ते तिला कळायचं नाही आणि ती भलत्याच जागी म्हणायची, दूध उतू गेलं की, सरकारी नोटीस आली की. मला ती आपण म्हणायची. पहिल्या जुलैत, भेटीच्या चौथ्या दिवशी, स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली, “अहो!”

मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

“पुस्तकांत बायका असंच म्हणतात,” ती म्हणाली. “चुकलं का?”

“चुकलं नाही. पण आता कुणी फारसं म्हणत नाही. नावानं म्हणतात.”

“मग मी काय म्हणू? ‘सुधीर’ तर आपल्याला ऑफिसातले लोकही म्हणतात.” तिनं विचार केला. “मी अहोच म्हणेन.”

आम्ही लग्न केलं नाही. कागदपत्रांचं दोन्हीकडून अवघड होतं, आणि माझं एक लग्न होऊन मोडलेलं. माझ्या मुलीची, गौरीची आई पुण्याला परत गेली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण त्या स्वयंपाकघरात, कढईत बटाटे परतता परतता, काहीतरी झालं होतं.

तिच्या वरच्या मजल्यावर निना राहते. अठ्ठ्याहत्तरची, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त. तिच्या इंग्रजीत अजूनही वर्गाची शिस्त आहे, वाक्य संपलं की ती समोरच्याकडे बघते, कळलं की नाही म्हणून. मी जिन्यात भेटलो की तिचं ठरलेलं, “आला का उन्हाळ्याचा माणूस! आता काकड्या चांगल्या येतील.” खेड्यांत तसे लोक असतातच, म्हणे. उन्हाळ्यात शेतघरावर येतात, व्हरांड्यात चहा पितात, पहिलं पान पडलं की शहरात पळतात. मी हसायचो. वेरा हसायची नाही. “निना, पुरे,” म्हणायची.

प्रवासाबद्दल लिहायला हवं, कारण आमचा निम्मा संसार त्यातच झाला. वेलिंग्टनहून ऑकलंड, ऑकलंडहून आखाती देशांपैकी कुठेतरी, तिथून मॉस्को, मॉस्कोहून आगगाडी. दाराला कुलूप लावल्यापासून तिची बेल वाजवेपर्यंत दोन दिवस जायचे. आधी युरोपातून जवळचे रस्ते होते. मग साथीत सीमा बंद झाल्या, त्यातले तीन जुलै मी इथेच काढले. मग युद्ध सुरू झालं आणि रस्ते आणखी कमी झाले. पण आखातातून वाट उरली होती आणि मला तेवढी पुरेशी होती. सतरा तास एका खुर्चीत बसून माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. मी त्या वेळात वाचायचो नाही. तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवायचो, आणि दारात पोचलो की ती म्हणायची, “अहो, आधी हात धुवा.”

जानेवारीत ती यायची तेव्हा तिच्याकडे कोट नसायचा. यारोस्लाव्हलला उणे वीस असायचं, पण निनाचा भाचा तिला मोटारीनं मॉस्कोच्या विमानतळावर सोडायचा आणि ती कोट गाडीतच काढून ठेवायची. दारापर्यंत पातळ स्वेटरवर पळत जायची. “आपल्याकडे मी हिवाळा आणणार नाही,” ती म्हणायची. वेलिंग्टनच्या विमानतळावर ती बाहेर यायची ती फुलाफुलांच्या झग्यात, हातात राईच्या ब्रेडचं पुडकं, जे खाण्याच्या वस्तू तपासणारे बायोसिक्युरिटीवाले दर वेळी उलटसुलट करून बघायचे आणि परत द्यायचे.

माझी मुलगी गौरी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. ती पहिल्यांदा भेटायला आली ती जरा तोंड वाकडं करूनच. आम्ही तिघं समुद्रावर गेलो. गौरी पोहायचे टॉग्ज घालून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि ओरडली, “आँटी, डोन्ट! फ्रीझिंग आहे!”

वेरा सरळ आत चालत गेली आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन वळली. “हे पाणी नव्हे,” ती म्हणाली. “हे सूप आहे.”

गौरी हसता हसता वाळूत बसली. तेव्हापासून ती मला फोनवर विचारायची, “सूपवाली आँटी कधी येतेय?” इथल्या थंडीबद्दल मी तक्रार केली की वेराही तशीच हसायची. शून्याखाली एक अंश? अहो, त्याला आमच्याकडे वसंत म्हणतात. मी सांगायचो की इथली घरं वेगळी आहेत, थंडी भिंतींतून येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. तिचा विश्वास बसायचा नाही. ती या घरात नेहमी उघड्या खिडक्यांमध्ये राहिली होती.

निघताना बसायची त्यांच्याकडे पद्धत आहे. बॅगा भरून दाराशी ठेवल्या, बूट घातले, की सगळ्यांनी मिनिटभर बसायचं, बोलायचं नाही. “घराला कळू द्यायचं नाही,” वेरानं सांगितलं होतं. “घराला वाटतं, कुणी कुठे जात नाही. मग ते मागे ओढत नाही.” घरात जो वयानं मोठा असेल तो आधी उठतो, मग बाकीचे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून तो मान तिचा. मी तिला आमचं सांगितलं, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. झालं, तेव्हापासून दोन्ही गोष्टी एकत्र. दही नसेल तर सायीचं आंबट घट्ट क्रीम, चमच्यानं तळहातावर. मी ते चाटायचो, ती गंभीरपणे बघायची, मग बसायचो. तिथे मी बॅगेवर आणि ती तिपाईवर. इथे दाराशी बूट घालायला मी जो बाक करून घेतला आहे त्यावर दोघंही. ती उठायची, मग मी. पंधरा वेळा असं झालं. चौदा वेळा ती आधी उठली.

शेवटचा जुलै मी पुन्हा पुन्हा उलगडून बघतो, शिवण कुठे उसवली ते शोधत.

वेराच्या गावाबाहेरच्या शेतघरावर आम्ही काळ्या करवंदांसारखी आंबट फळं तोडत होतो. झुडपं कमरेएवढी, फांदी उचलली की खाली घोस. वेरा दोन-तीन झुडपांनंतर गवतात बसली. बादली तिनं मांडीवर घेतली, जणू फळं निवडायची आहेत.

“काय झालं?”

“ऊन फार आहे.”

“चोवीस डिग्री? पुण्यात याला हिवाळा म्हणतात.”

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली. माझाच विनोद, तिच्याच विनोदावर बेतलेला, मला फार आवडला. मी पुढची झुडपं एकट्यानं तोडली. गाणं गुणगुणत होतो, हेही आठवतं. ती तासभर तशीच बसून होती आणि बादलीतली फळं होती तेवढीच होती.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, “आपण ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत राहू शकाल का?”

अकरा वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मेतकूट सोडून. हे मला तेव्हा जाणवायला हवं होतं. मी म्हणालो की रजा संपतेय, ऑफिसात नवी संगणक प्रणाली येतेय, सगळ्या जुन्या नोंदी तिच्यात न्यायच्या आहेत, माझ्याशिवाय भारतीय भाषांचं कुणाला कळत नाही. “आणि जानेवारीत तू येतेच आहेस की.”

“हो,” ती म्हणाली. “जानेवारीत.” आणि माझ्या कपात चहा ओतला.

त्या नोंदी ऑगस्टात हलल्या नाहीत. प्रणालीचं काम पुढे ढकललं गेलं. मी दोन आठवडे दुसरीच किरकोळ कामं करत बसलो होतो.

निघायच्या दिवशी ती म्हणाली की गुडघा दुखतोय, स्टेशनवर येत नाही. टॅक्सी खाली उभी होती. हातावर क्रीम झालं. मी बॅगेवर बसलो, ती तिपाईवर. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मिनिट झालं. ती उठली नाही. हात मांडीवर, नजर समोरच्या खुंट्यांवर. खुंट्या रिकाम्या होत्या, उन्हाळा होता. दुसरं मिनिट. खालून टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला. मला मॉस्कोची गाडी, मॉस्कोचं विमान, त्यापुढचं विमान, सगळी साखळी दिसायला लागली. मी उठलो.

“अगं, गाडी चुकेल.”

ती बसल्या जागेवरून वर बघत राहिली. मग म्हणाली, “आपण आधी उठलात.”

“एकदा चालतं.”

“चालतं,” ती म्हणाली आणि उठून माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

शरदात तिनं व्हिडिओ बंद केला. इंटरनेट बरं नाही, म्हणाली, आणि ते खरंही असायचं, तिकडे रोज काहीतरी बंद पडत होतं. आवाज यायचा. पत्रं यायची, लहान लहान होत गेलेली. डिसेंबरात लिहिलं, ‘व्हिसा अद्याप आलेला नाही. तथापि काळजी नसावी.’ मी चिडलो. तिच्यावर नाही, सरकारांवर. दोन्ही. गौरीला फोन करून अर्धा तास बोललो. जानेवारीची रजा रद्द केली, म्हटलं, व्हिसा आला की घेऊ. त्यानंतर तो बुधवार. तिच्या घड्याळात तेव्हा अजून मंगळवारची रात्र होती.

तेराव्याच्या सुमाराला गौरीनं विचारलं, “बाबा, थर्टीन्थ डेला काही करायचं असतं ना? मी येऊ?”

“करायचं असतं. पण मी तिचा कोण?”

“डोन्ट बी सिली,” ती म्हणाली.

त्यांच्याकडे चाळिसावा दिवस पाळतात. माझा व्हिसा यायला महिना लागला आणि मी चाळिसाव्याच्या दोन दिवस आधी पोचलो. ओळखीचं गाव मला सापडेना. व्होल्गा नव्हतीच, त्या जागी एक सपाट पांढरं मैदान होतं आणि त्यावर माणसं चालत होती. घराबाहेरचा बाक, जिथे आम्ही सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचो, बर्फाखाली गेला होता, फक्त पाठ दिसत होती. संध्याकाळी पाचलाच दिवे लागले. चार जिने चढून वेराच्या दाराशी गेलो. जिन्यातही श्वासाची वाफ दिसत होती. निनानं दार उघडलं आणि माझ्याकडे पायांपासून वरपर्यंत पाहिलं. मी वेलिंग्टनचं पावसाळी जाकीट घालून आलो होतो.

“उन्हाळ्याचा माणूस,” ती म्हणाली. या वेळी त्यात थट्टा नव्हती. मग म्हणाली, “आत ये, मरशील.”

खिडक्यांच्या फटींमध्ये कापूस कोंबलेला होता आणि वरून कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. ज्या खिडकीतून आम्ही खालच्या पोरांचं भांडण ऐकायचो ती खिडकी भिंत झाली होती. निना म्हणाली, दर ऑक्टोबरात वेरा हे स्वतः करायची, स्टुलावर चढून, साबणाच्या पाण्यानं पट्ट्या लावून. या वर्षी निनानं केलं. कितीतरी वर्षं ती हे करत होती, आणि त्या संध्याकाळी फोनवर मला विचारत होती की तिकडे वसंत कसा आहे.

दारामागच्या खुंटीवर एक कोट होता. जाड, काळपट हिरवा, गळ्याशी लोकर झिजून चकाकलेली. मी निनाला विचारलं, हा कुणाचा?

निनानं त्याची कॉलर नीट केली. मग मलाच कळलं.

मी तो हातात घेतला. तो फार जड होता. खिशात एक हातमोजा, ट्रामची तिकिटं आणि थोड्या बिया. बाहीचं अस्तर उसवून परत शिवलेलं होतं, टाके बारीक, पुस्तकात असतात तसे. या कोटातली वेरा गावातल्या शेकडो लोकांनी पाहिली असेल, दूधवालीनं, ट्रामच्या बाईनं. मी नाही.

“व्हिसा आला असता तर,” मी निनाला म्हणालो, “निदान जानेवारी—”

“कुठला व्हिसा?” निना म्हणाली. “तिनं अर्ज केलाच नव्हता.”

तिनं चहा ठेवला आणि सगळं सांगितलं, एकेक वाक्य, माझ्याकडे बघत, कळलं की नाही म्हणून. तपासण्या जूनमध्ये झाल्या होत्या. निकाल ऑगस्टच्या दहा तारखेला यायचा होता. त्या दिवशी निना तिच्याबरोबर गेली. मग ऑक्टोबरपासून हॉस्पिटलच्या खेपा. जिन्यात मजल्यामजल्यावर थांबायची.

“मला का नाही सांगितलं?”

“मी सांगणार होते. तिनं शपथ घातली. म्हणाली, तो हिवाळ्यात येईल, आणि मला या अवस्थेत बघेल. त्याच्याकडे माझे फक्त उन्हाळे आहेत, तेवढेच राहू देत.” निनानं कप खाली ठेवला. “मी तिला मूर्ख म्हणाले. पण सुधीर, जुलैत तिनं तुला विचारलं होतं. तेव्हा तिनं शपथ वगैरे काही घातली नव्हती. तू राहिला असतास तर त्या दिवशी तूच बरोबर असतास.”

लोक म्हणतात, तुला काय माहीत होतं? माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ती गवतात तासभर बसली होती हे मला माहीत होतं. तिनं काहीतरी मागितलं हे माहीत होतं. ती उठली नाही हेही माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी फक्त ते वाचलं नाही, आणि माझा सगळा जन्म वाचण्यात गेला आहे.

चाळिसाव्या दिवशी निनानं टेबलावर मध-मनुका घातलेले गहू ठेवले, एका रिकाम्या खुर्चीपुढे पाण्याचा पेला आणि त्यावर ब्रेडचा तुकडा. आपल्याकडे पान वाढून ठेवतात तसंच. ग्रंथालयातल्या चार बायका आल्या. निनानं मला त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसवलं. कुणी विचारलं नाही हा कोण. त्यांना माहीत होतं. एकीनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं की वेरा जेवणाच्या सुट्टीत भातासारखा शिजवलेला बकव्हीट खायची आणि त्यावर पिवळी पूड घालायची, सगळ्या खोलीला वास यायचा. मेतकूट, मी म्हणालो. “दा, दा, मेतकूट,” ती होकार देत म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही रडलो, एकमेकांचं नाव माहीत नसताना.

निघायच्या सकाळी बॅग दाराशी ठेवली. निनानं कोट माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो, ती म्हणाली, “इथे ठेवून तो कुणासाठी?” मी बॅगेवर बसलो. निना तिपाईवर बसली. खुंट्या आता रिकाम्या होत्या. मी बसून राहिलो. एक मिनिट, दोन, किती कुणास ठाऊक. खाली टॅक्सी आलेली होती. टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला, मी हललो नाही. पुन्हा वाजवला. मी निनाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अजून नाही. आम्ही तसेच बसलो.

शेवटी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “मी तुम्हा दोघांपेक्षा मोठी,” ती म्हणाली. “ऊठ आता.”

मागच्या महिन्यात मातारिकी झालं. इथले माओरी लोक पहाटे त्या नावाचा तारकापुंज उगवताना बघतात आणि त्यांचं नवं वर्ष सुरू होतं. सरत्या वर्षात गेलेल्यांची नावं तेव्हा घेतात. आमच्या ऑफिसातही आता सकाळच्या चहाला सगळे गोल उभे राहतात. कुणी आजीचं नाव घेतलं, कुणी मित्राचं, एकानं कुत्र्याचं, आणि कुणी हसलं नाही. माझी पाळी आली. नाव जिभेवर होतं. पण नावापुढे लोक नातं सांगत होते, आणि मी तो एक शब्द शोधत उभा राहिलो. तिच्याकडे होता तो, एका हाकेत. माझ्याकडे नाही. मी मान हलवली आणि शेजारचा बोलायला लागला.

गौरीचा काल फोन आला. “बाबा, वीकेंडला ड्राइव्ह करून येते.”

“नको. डेझर्ट रोडवर बर्फ आहे, बंद असेल.”

“दुसऱ्या रोडनं येईन. हीट पंप लावता ना?”

“लावतो.”

“खोटं. मला आवाज येत नाहीये.”

मी खोली गरम करणारा तो हीट पंप लावला, तिला आवाज ऐकवला. ती ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा, शी वॉज रिअली कूल.” मग मराठीत, अडखळत, “मला पण आठवण येते.” फोन ठेवून मी हीट पंप बंद केला.

इथले जुलै मी आधीही काढले आहेत, सीमा बंद होत्या तेव्हाचे. ते वाट बघण्याचे होते, थंडी लागायची पण ती कुणाला तरी सांगायला म्हणून लागायची. कपाटातल्या बुरशीचा फोटो काढून पाठवला तर उत्तर यायचं, ‘अय्या.’ आता बुरशी आहे. मी ती व्हिनेगरनं पुसतो. खिडक्यांच्या फटींतून वारा येतो, आणि परवा मी औषधाच्या दुकानातून कापसाचं बंडल आणलं. पट्ट्या साबणाच्या पाण्यानं लावायला गेलो, तर इथल्या ओलसर चौकटींवर त्या टिकत नाहीत. सकाळी खाली पडलेल्या असतात.

ती म्हणायची तसं मी तिच्या उन्हाळ्यांवर समाधान मानावं, असा प्रयत्न करून पाहिला. फोटो काढले, मांडले. पण त्या सगळ्या उन्हात मला आता कोट नसलेली बाई दिसते, विमानतळाच्या दाराकडे पातळ स्वेटरवर पळणारी. तो कोट तिनं माझ्यापासून लपवला होता आणि मी अकरा वर्षांत कधी विचारलं नाही की तो कसा दिसतो.

जुलै आहे. मी अप्पर हटमध्ये आहे. दाराशी दोघांपुरता बाक आहे. सकाळी मी त्यावर बसून बूट घालतो, आणि आता घरात मोठा मीच, म्हणून मीच उठतो. खुंटीला तिचा कोट आहे. इथल्या थंडीला तो फार जड होतो.